दर वेळी शॉर्ट सर्किटच कसं काय हो?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी वडलांच्या वेळेपासून येतो, त्यामुळे हक्कानं लिहितोय, रागावू नका. आतल्या पानावर आठवड्यातून एकदा तरी बातमी असते, अमक्या दुकानाला आग, तमक्या गोडाऊनला आग, फ्लॅटमधे आग, आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज. मी पस्तीस वर्षं वायरिंगची कामं केली, आयटीआयला वायरमन ट्रेड, मग लायसन, मग हाताखाली दोन पोट्टे ठेवून बंगल्यांची आणि दुकानांची कामं, आता गुडघ्यामुळे शिडीवर चढणं बंद आहे म्हणून सकाळी पेपर पूर्ण वाचतो, आणि हे वाक्य आलं की चहा बेचव होतो. कारण बहुतेक वेळा ते शॉर्ट सर्किट नसतंच, किंवा असलं तरी अगदी शेवटी झालेलं असतं, त्याच्या आधी महिना दोन महिने ती वायर हळूहळू भाजत असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

शॉर्ट म्हणजे फेज, करंट आणणारी वायर, थेट न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या वायरला भिडली. त्यावेळी करंट शेकडो अँपिअरमधे जातो, आणि एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की लाईन आपोआप तोडणारा स्विच, तिच्या आत एक कॉइल असते ती झटक्यात खटका पाडते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. घरात जी सी टाईपची एमसीबी लावतात ती रेटिंगच्या, म्हणजे तिच्यावर छापलेल्या अँपिअरच्या, ५ ते १० पट करंट आला की अशी लगेच पडते, बी टाईपची ३ ते ५ पटीला. म्हणजे एमसीबी बरोबर साइझची आणि धड असेल तर शॉर्टला आग लावायला वेळच मिळत नाही, एक ठिणगी, एक आवाज, अंधार, संपलं. आग लागते ती दुसऱ्या प्रकारात, जिथं करंट पाचपट नाही तर सव्वापट दीडपटच आहे, पण तो पाच मिनिटं नाही तर रात्रभर वाहून राहिला आहे.

आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगतो, नाव गाव सांगत नाही कारण माणूस चांगला आहे. तीनेक वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यांच्याकडे इलेक्ट्रिक कार आली, पोरानं हौसेनं घेतली, सोबत भिंतीवर लावायचा ७.२ किलोवॅटचा चार्जर. बसवणाऱ्यानं येऊन पाह्यलं, पोर्चमधे आधीच एक सहाची (६ चौरस मिमी जाडीची) वायर आणि ३२ ची एमसीबी होती, त्याच्यावरच चार्जर चढवला आणि फोटो काढून गेला. हिशोब वरवर बरोबर दिसतो, ७२०० भागिले २३० म्हणजे ३१.३ अँपिअर, एमसीबी ३२ ची, झालं की हो. डिसेंबर जानेवारी फेब्रुवारी काहीच तक्रार नाही. एप्रिल लागला, उन्हाळा चढला, आणि रात्री दीड दोन वाजता एमसीबी पडायला लागली, सकाळी गाडी अर्धीच चार्ज, पोरगा ऑफिसला जाताना चिडचिड.

हे असं काहून झालं ते नीट समजून घ्या, कारण इथंच सगळी मेख आहे. एमसीबीच्या आत त्या कॉइलशिवाय दुसरी एक गोष्ट असते, दोन धातूंची एकाला एक चिकटवलेली पट्टी. करंटनं ती गरम होते, वाकते, आणि जास्त वाकली की खटका पाडते. पण त्या पट्टीला हे कळत नाही की ही गरमी करंटची आहे का नागपूरच्या उन्हाची. एमसीबीवर जो ३२ छापलेला असतो तो ३० डिग्री तापमानाला धरून छापलेला असतो. आता आमच्या इथं मे महिन्यात सावलीतच ४५ असतो, आणि यांची डीबी, म्हणजे सगळ्या एमसीबी बसवलेली पेटी, पश्चिमेच्या भिंतीवर, दिवसभर ऊन खाऊन भिंत रात्रीपण तव्यासारखी, त्यावर शोभेसाठी सागवानी कपाट करून दार लावलेलं. आत सहज ५० च्या आसपास जात असेल. एवढ्या गरमीत ३२ ची एमसीबी साधारण २८-२९ चीच उरते, कोणत्याही चांगल्या कंपनीच्या कॅटलॉगमधे मागच्या पानावर हा तक्ता असतो पण ते पान कोणी उघडत नाही. वर तिच्या डाव्या उजव्या बाजूला एसीच्या दोन एमसीबी खेटून बसलेल्या, त्यापण रात्रभर चालू, त्यांची गरमी वेगळी. म्हणजे ती बिचारी एमसीबी आपलं काम इमानदारीनं करत होती. ओरडून सांगत होती की भाऊ मला झेपत नाही.

मग यांनी काय केलं, एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं पाच मिनिटात ३२ ची काढली आणि ६३ ची लावली. पाचशे रुपये घेतले. आणि पडणं बंद! सगळे खुश.

संपादक साहेब, माझ्या मते हीच आपल्याकडची सगळ्यात घातक दुरुस्ती आहे. जुन्या लोकांना आठवत असेल, किटकॅट फ्यूज असायचे, पांढऱ्या चिनी मातीचे, फ्यूज सारखा उडाला की कोणीतरी हुशार माणूस फ्यूज वायर ऐवजी जाड तांब्याचे दोन तीन पदर गुंडाळायचा आणि म्हणायचा आता उडून दाखव म्हणावं. मोठी एमसीबी लावणं म्हणजे तेच, फक्त आता ते प्लास्टिकच्या सुंदर डब्बीत येतं म्हणून कोणाला काही वाटत नाही. अहो, एमसीबी गाडीसाठी नसते, एसीसाठी नसते, ती भिंतीतल्या वायरसाठी असते. वायर भाजायच्या आधी तिनं पडायचं, एवढंच तिचं काम. यंत्राला लागणारा करंट सगळ्यात कमी, एमसीबीचा आकडा त्याच्या वर, आणि वायरची ताकद त्याच्याही वर, हा क्रम कधी उलटा होऊ द्यायचा नाही. आमचे उस्ताद म्हणायचे, वायर मोठी चालते, एमसीबी मोठी चालत नाही.

आता यांच्या घरी काय झालं बघा. सहाची तांब्याची वायर भिंतीतल्या पाइपमधून, आपल्याकडच्या ४० डिग्रीच्या हिशोबानं धरली तर साधारण ३६ अँपिअर सुखानं नेते. चारची २८ च्या आसपास, अडीचची २० च्या आसपास, कंपनी आणि पाइपात किती वायरी कोंबल्यात त्याप्रमाणे थोडं इकडे तिकडे. ३६ च्या वायरवर ६३ ची एमसीबी. आणि लोकांना वाटतं ६३ ची म्हणजे ६४ ला पडेल, तसं नसतं. आपल्याकडे घरगुती एमसीबी ज्या स्टँडर्डवर टेस्ट होतात, आयएस/आयईसी ६०८९८, त्यात असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंटला तासभर तरी ती पडायला नको, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडलीच पाहिजे. म्हणजे ६३ वाली ७१ अँपिअरपर्यंत ढुंकूनही पाहणार नाही, आणि ९१ अँपिअर झाले तरी तासभर विचार करू शकते. ३६ च्या वायरमधून ७१ म्हणजे जवळपास दुप्पट, आणि करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही चौपट होते, आणि वायरवरचं पीव्हीसी ७० डिग्रीपर्यंतचं असतं. बाकी हिशोब तुम्हीच करा.

बरं एवढ्यावर थांबले असते तरी ३१ अँपिअरवर वायर कशीतरी निभावली असती. पण आता एमसीबी पडत नाही म्हटल्यावर धाकट्या भावानंपण गाडी घेतली, तिच्यासोबत आलेला छोटा चार्जर, ३.३ किलोवॅटचा, त्याच लाईनवरून एक पंधराचा पॉईंट काढून लावला. ३१ आणि १४ झाले ४५. रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत, रोज. जुनी ३२ ची असती तर दुसऱ्या गाडीनं तिला केव्हाच पाडलं असतं आणि त्यांना कळलं असतं की ही लाईन दोन गाड्यांची नाही. ६३ वालीनं ते कळूच दिलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात वहिनी सकाळी आमच्या हिच्याकडे आल्या, म्हणे पोर्चमधे मासळी भाजल्यासारखा वास येऊन राहिला, आमच्याकडे तर कोणी खात नाही. हिनं मला सांगितलं आणि माझ्या पोटात धस्स झालं, कारण हा वास मला माहीत आहे. स्विच, सॉकेट, एमसीबीचं प्लास्टिक अति तापलं की बरेचदा असाच वास मारतं. वाचकांनी हे लक्षात ठेवा, घरात मासे नसताना मासळीचा वास आला तर आधी मेन स्विच बंद करा मग किचन शोधा.

मेन पाडून, टेस्टर लावून खात्री करून, डीबीचं कव्हर उघडलं. ६३ च्या खालच्या टर्मिनलवर वायरचं लाल इन्शुलेशन दोन इंच पार काळं, बोटानं दाबलं तर पापडासारखं तुटलं, आत तांबं जांभळं काळं पडलेलं. स्क्रू ढिला होता, पेचकस लावला तर सहज अर्धा पाऊण आटा फिरला. हेपण मोठं कारण असतं, रात्री सात तास तापतं, दिवसा थंड होतं, रोज असं फुगणं आकसणं होऊन स्क्रू ढिला पडतो, ढिला पडला की तिथं अजून तापतं, अजून ढिला. आणि ढिल्या जोडाला कोणतीही एमसीबी पकडत नाही बरं का, कारण करंट तर तेवढाच असतो, वाढतो तो फक्त त्या एका ठिकाणचा ताप. तिकडे पंधराच्या सॉकेटमधे प्लगच्या पिनेभोवती तपकिरी गोल पडलेला. अजून पंधरा दिवस गेले असते तर ते पीव्हीसी वितळून फेज न्यूट्रल भिडले असते, सागवानी कपाटानं पेट घेतला असता, आणि तुमच्या आतल्या पानावर छापून आलं असतं, शॉर्ट सर्किट.

म्हणूनच मी म्हणतो वेळ मोजा. आपल्याकडे फक्त वॅट मोजतात. ३ किलोवॅटचा गिझर १३ अँपिअर ओढतो पण पंधरा वीस मिनिटात थर्मोस्टॅट बंद करतो, वायरला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मिक्सर दोन मिनिटं. पाण्याची मोटर अर्धा तास. पण गाडीचा चार्जर, रात्रभर चालणारा एसी, साडीच्या दुकानातले शेकडो लाईट सकाळी दहा ते रात्री दहा, दहा दिवसांच्या गणपतीची रोषणाई, कोचिंग क्लासचे सहा एसी, हे सतत चालणारं ओझं. पाच किलोची पिशवी हातात धरून बसस्टॉपपर्यंत जाणं वेगळं आणि तीच हातात धरून रात्रभर उभं राहणं वेगळं, तसंच आहे हे.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तिथं त्यानं घर घेतलं तेव्हा गॅरेजमधे चार्जर बसवून घेतला, त्याचा फोटो पाठवला तर ब्रेकर (तिकडची एमसीबी) ४० चा आणि चार्जर ३२ अँपिअरचा. मी फोनवर म्हटलं अरे एवढा मोठा कशाला, तर तो म्हणे मामा इथला कोडच तसा आहे. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमधे जो लोड सलग ३ तास किंवा जास्त चालणार त्याला कंटिन्युअस लोड म्हणतात, आणि त्याच्यासाठी ब्रेकर आणि वायर दोन्ही सव्वापट धरायच्या. गाडीचं चार्जिंग तर सरळ त्यातच मोजतात. उलट्या बाजूनं बोलायचं तर सतत चालणारा लोड ब्रेकरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. म्हणून तिकडे १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर गाडीचा चार्जर १२ च्या वर ओढतच नाही. आपल्याकडे १६ च्या सॉकेटवर १४ अँपिअर आठ आठ तास बिनधास्त, वर ते सॉकेट लोकल.

आता कोणी जाणकार म्हणेल की आपल्याकडे अमेरिकेचा कोड लागू नाही, आपलं स्टँडर्ड युरोपसारखं आहे, त्यात एमसीबी पूर्ण रेटिंगवर सतत चालू शकते. बरोबर आहे, मान्य. पण कुठे चालू शकते, ३० डिग्रीत, मोकळ्या हवेत, शेजारी कोणी खेटलेलं नसताना. अशी डीबी मला चंद्रपूर अकोल्याकडे एप्रिल मे महिन्यात दाखवा, मी माझं लायसन परत करतो. कायद्यात लिहिलेलं नसलं तरी आपल्या उन्हाळ्यात सव्वापटीचा हिशोब धरणं शहाणपणाचं आहे, उलट आपल्याला तर त्यांच्यापेक्षा जास्त गरज आहे. मात्र परत सांगतो, सव्वापट एमसीबी म्हणजे त्याच्यापेक्षा जाड वायरपण. ३१ अँपिअरच्या चार्जरला ४० ची एमसीबी लावायची तर सहाची वायर चालणार नाही, दहाची ओढावी लागेल, मीटरपासून स्वतंत्र लाईन. नुसती एमसीबी वाढवून वायर तीच ठेवली तर त्या पाचशे रुपयेवाल्यात आणि आपल्यात फरक काय राहिला.

अजून एक गैरसमज जाता जाता. लोक म्हणतात आमच्याकडे ते टेस्टचं बटण असलेलं आरसीसीबी लावलंय, आता काही भीती नाही. ते शॉकपासून वाचवतं, करंट कुठे गळत असेल तर ३० मिलिअँपिअरच्या आतच पडतं, उत्तम वस्तू आहे, सगळ्यांनी लावावी. पण ओव्हरलोड त्याला कळत नाही. त्याच्यावर ४० किंवा ६३ लिहिलेलं असतं ते त्याची स्वतःची सोसायची हद्द, ते तेवढ्याला पडत नाही. शोरूमवाले इंजिनिअर लोकपण हे गोंधळ करताना मी पाह्यलेत.

शेजाऱ्यांकडे शेवटी काय केलं ते सांगतो कारण गल्लीत सगळे विचारतात. त्यांनी आधी तयारीच दाखवली की फोडा भिंत, टाका दहाची. मी म्हटलं थांबा. त्या भिंतीवरच्या चार्जरला आतून करंट कमी करायची सोय होती, बऱ्याच चार्जरना असते, बसवणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. ३२ वरून २४ वर आणला. २४ ची सव्वापट ३०, म्हणजे ३२ ची एमसीबी आणि सहाची वायर दोन्ही हिशोबात बसतात. गाडीला दोनेक तास जास्त लागतात, लागू दे, ती रात्रभर उभीच असते ना. जळका तुकडा कापून वायरच्या टोकाला नवीन लग (धातूची टोपी) दाबले, ३२ ची एमसीबी परत लावली, दोन्ही बाजूला एकेक घर रिकामं सोडलं म्हणजे हवा खेळेल, कपाटाचं दार काढून टाकलं (वहिनी थोड्या नाराज झाल्या, सागवान होतं). धाकट्याच्या गाडीसाठी वेगळ्या फेजवर वेगळी चारची लाईन आणि २० ची एमसीबी, आणि साध्या सॉकेटऐवजी इंडस्ट्रियल टाईपचं सॉकेट. आणि बिलावरचा मंजूर भार पाहायला लावला, तो दोन गाड्यांच्या मानानं फारच कमी होता, त्याचा अर्ज महावितरणला दिला. तेव्हापासून दोन उन्हाळे गेले, एकदाही पडली नाही. मी सुरुवातीला रोज रात्री अकराला जाऊन एमसीबीवर हात ठेवून पाहायचो, कोमट लागायची बस. ज्या एमसीबीवर हात ठेववत नाही तिथं काहीतरी बिघडलंय समजा.

तुम्हाला विनंती एवढीच की तुमचे वार्ताहर आगीच्या जागी जातात तेव्हा अग्निशमनवाल्यांना किंवा विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात दोनच प्रश्न विचारत जा, एमसीबी किती अँपिअरची होती आणि तिच्या खालची वायर कितीची होती. दोन आकडे छापा. वाचणारा माणूस उठून आपल्या डीबीवरचा आकडा पाहील, वायरमनला विचारेल. शॉर्ट सर्किट वाचून कोणी उठत नाही, कारण ते वीज कोसळल्यासारखं दैवी वाटतं, त्यात कोणाचा हात नाही असं वाटतं.

ती ६३ ची एमसीबी आणि वायरचा तो करपलेला दोन इंचाचा तुकडा अजून माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमधे आहे, तुमच्या फोटोग्राफरला फोटो घ्यायचा असेल तर पाठवा, पण सकाळी अकराच्या आत, नंतर आमच्याकडे लाईट जाते.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त वायरमन, नागपूर